बॉनेटवरचा हात

परवा माझा भाचा एक लांबलचक गाडी घेऊन दारात आला. कुठल्याशा कंपनीच्या बड्या साहेबाने चार वर्षं वापरून काढून टाकलेली. "मावशी, नवी घ्यायची म्हटलं तर विचारूच नकोस. ही मला जवळजवळ पाव किमतीत पडली!" असं म्हणत तो स्वतःच्याच गाडीभोवती प्रदक्षिणा घालत होता. मी बाहेर आले आणि बॉनेटवर तळहात ठेवला. "अगं, ठसे उमटतील!" भाचा ओरडला. "मेल्या, ठसे पुसता येतात," मी म्हटलं. मी तशीच उभी राहिले. गाडी समोर आली की माझा हात आधी तिथेच जातो. ही सवय मला आरोलकरांनी लावली.

आरोलकर आमच्या कंपनीतल्या मोठ्या साहेबांचे ड्रायव्हर. कंपनी अंधेरीला, साहेबांचा बंगला वांद्र्याला, आणि आरोलकरांच्या दोन खोल्या गुंदवलीत. माझ्या टेबलावर कंपनीच्या सगळ्या गाड्यांचे कागद यायचे. पेट्रोलच्या चिठ्ठ्या, टायर, विमा, रंगकाम, सगळं. बाई असून गाड्यांचं काम करते म्हणून सुरुवातीला ड्रायव्हरमंडळी माझ्याकडे बघून गालातल्या गालात हसायची. आरोलकर हसले नाहीत. पहिल्याच दिवशी म्हणाले, "प्रधानबाई, कागद वाचून गाडी कळाची नाय. चला खाली." आणि मला खाली नेऊन साहेबांच्या गाडीच्या बॉनेटवर हात ठेवायला लावला. गाडी नुकतीच बंगल्यावरून आली होती. "किती गरम लागतं ते ध्यानात ठेवा. ह्याच्यापेक्षा जास्त लागलं, तर समजा गॅरेजची चिठ्ठी येतली."

आणि खरंच यायची हो! आठ दिवसांत हमखास.

ते स्वतः दिवसातून चारदा तरी असा हात ठेवायचे, तापात असलेल्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा. उंच, काटकुळा माणूस. पांढरा युनिफॉर्म नेहमी कडक इस्त्रीचा, पण पॅंट घोट्याच्या वर दोन बोटं, कारण गाडी धुताना भिजायला नको. गाडी धुवायला दोन बादल्या पाणी, तिसरी नाही. गाडीला टेकून उभे राहिलेले ते मला कधी दिसले नाहीत, आणि दुसरा कोणी टेकला तर नुसतं खाकरायचे. तेवढ्यावर माणूस सरळ व्हायचा.

आणखी एक म्हणजे ते मागच्या सीटवर कधी बसत नसत. एकदा साहेबांचा मुलगा गाडी चालवायला शिकत होता, तेव्हा साहेब म्हणाले, "आरोलकर, मागे बसा." हे पुढेच, त्याच्या शेजारी अंग चोरून बसले. मी नंतर विचारलं, तर म्हणाले, "मागे बसला की माणूस गाडीचो खर्च विसरता. माका विसरून कसा चालात?"

ती गाडी होतीच तशी. विलायती, सहा सिलिंडरची, काळीभोर, पुढे चकचकीत जाळी. आत शिरलं की बाहेरचा रस्ता गप्प व्हायचा. साहेब तिच्यात बसून जे काही बोलले असतील ते आरोलकरांनी वीस वर्षं ऐकलं. ऑफिसातल्या लोकांना त्याची भारी उत्सुकता. कोणाला बढती, कोणाची उचलबांगडी, सगळं त्या गाडीत ठरतं असा सगळ्यांचा पक्का समज. कॅन्टीनमध्ये चहा पाजून पाजून थकले लोक. आरोलकर चहा प्यायचे, कप उपडा करून ठेवायचे आणि म्हणायचे, "साहेब मागे बसतत. मी पुढे बघतंय." संपलं.

पण गाडी घ्यायची आहे म्हणून सल्ला विचारायला कोणी आला, की हाच माणूस खुलायचा. त्या काळात बंद पडलेल्या वकिलातींच्या, गेलेल्या गोऱ्या साहेबांच्या, कंपन्यांनी काढलेल्या मोठमोठ्या गाड्या उपनगरात स्वस्तात फिरत असत. नव्या छोट्या गाडीसाठी नंबर लावून वर्षानुवर्षं ताटकळायचं, आणि ही महाराणी मात्र उद्या दारात! भल्याभल्यांची बुद्धी फिरायची. आरोलकर गाडी बघायला जाताना छत्री घेऊन जात. ऊन असो की नसो. आधी छत्रीने गाडी मोजायची आणि मग घेणाऱ्याची गल्ली.

मुलुंडच्या एका डॉक्टरांची गंमत मला अजून आठवते. त्यांना अशीच एक गाडी भलती आवडली होती. आरोलकरांनी गाडी मोजली, साडेपाच छत्र्या. मग डॉक्टरांची गल्ली मोजली. वळणाशी थांबून म्हणाले, "डॉक्टर, गाडी आत येतली. पण बाहेर जावची नाय."

डॉक्टर हसले. त्यांना वाटलं, म्हातारा चेष्टा करतोय. घेतली गाडी. आत आली, पेढे वाटले. दुसऱ्या दिवशी बाहेर काढताना वळणावर अशी अडकली की शेजाऱ्याच्या कुंपणाचा खांब काढावा लागला. शेजारी कसला भांडकुदळ! रोज कोण खांब काढू देणार? पुढे तिचा गिअरबॉक्स गेला. भाग परदेशातून यायचा, आणि परदेशातून काही आणायचं तर सरकारची परवानगी. कुर्ल्याच्या भंगारवाल्यांकडे हेलपाटे झाले, बोटीवरच्या एका खलाशाला सांगून झालं. तोवर गाडीत मांजर व्यायली. डॉक्टर आपले सायकलवरून पेशंटकडे जायचे, जाताना तिच्याकडे न बघता. आरोलकरांवर मात्र त्यांचा राग! "त्याच्या तोंडातून निघालं आणि तसंच झालं," असं मुलुंडभर सांगत सुटले. खरं सांगायचं, तर आरोलकरांनी ज्यांना वाचवलं तेही त्यांच्यावर नाराज, आणि जे वाचले नाहीत तेही.

"गाडी विकत घेतत एकदाच, बाई," ते मला म्हणायचे. "पण पंपावर ती रोज परत विकत घ्यावी लागता. आणि गाडीतून साहेब उतरलो, की तिचो भाव त्याच्याबरोबर उतरता. रवता तो नुसतो खर्च."

मग ते पेट्रोल महाग झालं. एकदम इतकं, की माझ्या टेबलावरच्या चिठ्ठ्या बघून अकाउंट्सवाले कपाळाला हात लावायला लागले. साहेबांनी देशी छोटी गाडी मागवली आणि काळी गाडी विकायला काढली. आमच्या वह्यांत घसारा लावून लावून ती गाडी कधीच संपली होती, कागदावर तिची किंमत शून्य. पण साहेबांच्या मनात ती अजून नवीच होती. दलालाने भंगाराचा भाव सांगितला, तेव्हा साहेबांचा चेहरा पडलेला मी बघितला.

त्याच आठवड्यात गिऱ्हाईक आलं. खारदांड्याचा हरीनाखवा. त्याची बायको चंद्राबाय साहेबांच्या बंगल्यावर मासळी द्यायची. साहेबांकडे पापलेट आणि मागच्या दाराशी आरोलकरांना मांदेली, अशी वर्षानुवर्षांची ओळख. हरीनाखव्याने ती गाडी बंगल्यात धुताना बघितली होती आणि त्याच्या डोक्यात एक कल्पना बसली होती. वरातीला भाड्याने द्यायची! वांद्र्यापासून वेसाव्यापर्यंत सगळ्या कोळीवाड्यांत अशी गाडी कोणाकडे नाही. नवरा-नवरी मागे, पुढे बॅंडबाजा. दर्यावर जीव घालायला नको. त्यासाठी भावाबरोबरच्या होडीतला आपला अर्धा हिस्सा तो विकणार होता. होडी म्हणजे त्या घराचं सगळं. मासळी होडीची, चंद्राबायची पाटी त्या मासळीवर, आणि जना नावाची मुलगी चार-दोन वर्षांत लग्नाची होणार.

साहेबांनी आरोलकरांना केबिनमध्ये बोलावलं. मी फाईल घेऊन तिथेच उभी होते. साहेब म्हणाले, "आरोलकर, तो नाखवा तुमच्या शब्दावर घेणार म्हणतोय. शनिवारी गाडी घेऊन जा, दाखवा नीट. एवढं काम करा. तुमच्या मुलाचं मी बघतो."

मुलगा म्हणजे सुरेश. बी.कॉम. होऊन दोन वर्षं घरात बसलेला. त्याचा अर्ज मीच टाईप केला होता, चार प्रतींत. त्या दोन वर्षांत आरोलकर साहेबांना एकदाही त्याच्याबद्दल बोलले नव्हते, आणि आता साहेब आपणहून म्हणत होते. आरोलकर नुसतं "होय साहेब" म्हणाले.

जिना उतरताना मी म्हटलं, "नाखव्याला गुपचूप सांगून टाका, नको घेऊस म्हणून. साहेबांना काय कळतंय?"

ते पायरीवर थांबले. "ज्या गाडीवर वीस वर्षां जेवलंय, तिची मागसून निंदा मी करूचंय नाय, बाई."

"मग चांगली आहे म्हणा! सुरेशचं भलं होईल."

"खोटाही बोलूचंय नाय."

"मग करणार काय तुम्ही? डोंबल?"

ते उरलेल्या पायऱ्या उतरून गाडीकडे गेले. पुढचे चार दिवस ते नेहमीसारखे गाडी धूत राहिले. मला तर वाटलं, गप्प बसून विकू देतील. आणि खोटं कशाला बोलू, मलाही तेच हवं होतं. सुरेशचा चेहरा माझ्या डोळ्यांसमोर होता. नाखव्याला मी अजून बघितलंही नव्हतं.

शनिवारी ऑफिस सुटल्यावर दुपारी आम्ही निघालो. सह्यांचे कागद माझ्याकडे म्हणून साहेबांनी मलाही पाठवलं. वाटेत पंपावर आरोलकरांनी बरोबर पाच लिटर पेट्रोल भरलं आणि मला म्हणाले, "काटो बघून ठेवा." दांड्यात शिरलो तसा सुक्या बोंबलाचा वास गाडीत भरला. हरीनाखवा नव्या सदऱ्यात वाट बघत उभा होता. रंगाने सावळा, हसरा, गडी असा की बघताक्षणी आवडावा. मला एकदम वाईट वाटलं. चंद्राबाय दारात, नाकात मोठी नथ, हात कमरेवर. जना तिच्या मागे.

आरोलकर उतरले. छत्री काढली नाही, मोजमाप नाही. फक्त विचारलं, "नाखवा, वरात खंयसून खंय जाता तुमची?"

"देवलापासून बंदरावर, न मंग परत घरा."

"किती वेळ?"

"आता ते कसा सांगाचा?" नाखवा हसला. "कोली मानसा नाचल्याबिगर पुढं सरतान काय? दोन तास, तीन तास!"

"बरां. मग बसा दोघां मागे. आजच वरात काढूया."

सगळे बघतच राहिले. चंद्राबाय लाजून चूर. "या वयान?" म्हणाली, पण बसली. मी पुढे, कागद मांडीवर. आरोलकरांनी देवळापासून गाडी पहिल्या गिअरमध्ये टाकली आणि माणूस चालतो त्याहून हळू चालवायला सुरुवात केली. अर्धा दांडा बाहेर आला. कोणीतरी पत्र्याचा डबा बडवायला घेतला, जाळी विणणारे म्हातारे जाळी टाकून नाचायला लागले, बायका चंद्राबायला नवरी नवरी म्हणून चिडवायला लागल्या. नाखवा राजासारखा हात हलवत होता. आरोलकर मात्र स्टिअरिंगवर ताठ. पाच पावलं पुढे, थांबायचं. नाचणारे सरकले की परत पाच पावलं.

एका वळणावर बोंबील वाळवायच्या काठ्या उपटाव्या लागल्या. दुसऱ्या वळणावर गाडी चार वेळा मागेपुढे केली. अर्ध्या तासाने मी काट्याकडे बघितलं आणि माझे डोळेच पांढरे झाले. पाच लिटर कुठे गेलं! आम्ही अजून बंदराच्या वळणाशीच होतो. आणि तेवढ्यात बॉनेटच्या फटीतून वाफ आली. आधी थोडी, मग फुसफुसून. डबा वाजायचा थांबला.

आरोलकर खाली उतरले. बॉनेटवर हात ठेवला, चटका बसला तसा पटकन काढला. थोड्या वेळाने गोणपाट धरून हळूच रेडिएटरचं झाकण सैल केलं. "पाणी होया," एवढंच म्हणाले.

जना धावत जाऊन हंडा घेऊन आली. गाडीने तो गटागट पिऊन टाकला. दुसरा हंडा आला, तोही गेला. दांड्यात नळाला पाणी सकाळी तासभर, तेही रांगेत भांडून. तिसरा हंडा मागितला तेव्हा चंद्राबाय दार उघडून खाली उतरली. लाज कुठल्या कुठे गेली होती.

"ही गारी हाय का म्हस?" तिने विचारलं.

सगळा दांडा हसला. नाखवा हसला नाही. तो आरोलकरांच्या जवळ आला आणि हळूच म्हणाला, "आरोलकरदादा, सायबाची गारी तर कवा तापली नाय. रोज बगतो मी."

"साहेब वाऱ्यासारखो जाता, नाखवा. वारो लागता, गाडी थंड रवता. वरात चालता." आरोलकरांनी रुमालाने हात पुसले. "गाडी झकास असा. वाईट मी म्हणूचंय नाय. तुम्ही तिका कसल्या कामाक लावतास, तां मी तुमका दाखवलंय."

नाखव्याने एकदा बॉनेटकडे बघितलं, मग बायकोकडे. चंद्राबायने जनाच्या हातातला रिकामा हंडा घेतला, कमरेवर ठेवला आणि म्हणाली, "होरी इकाची नाय." आणि घरात निघून गेली. माझ्या मांडीवरचे कागद तसेच राहिले, बिनसहीचे.

सोमवारी साहेबांनी विचारलं. मी तिथेच होते, नसते तर बरं झालं असतं. "आरोलकर, काय सांगितलंत तुम्ही त्या माणसाला?"

"काय नाय साहेब. तो वरातीक हवी म्हणालो, वरातीसारखी चालवून दाखवली."

साहेब वाईट माणूस नव्हते. ओरडले नाहीत, कामावरून काढलं नाही. "ठीक आहे," म्हणाले. आणि सुरेशचं नाव त्या केबिनमध्ये पुन्हा कधीच निघालं नाही. गाडी भंगाराच्या भावात कुर्ल्याला गेली. आरोलकरांनीच ती नेऊन दिली, आणि परत आले बसने. जायच्या आधी नेहमीसारखी दोन बादल्या पाण्याने धुतली. भंगारात जाणारी गाडी, पण धुतली.

त्या दिवशी मी त्यांच्यावर भडकले. खालीच गाठलं, सगळ्या ड्रायव्हरांसमोर. "काय मिळालं तुम्हाला? पोटच्या पोराची नोकरी घालवलीत! नाखवा तुमचा कोण लागतो? चार मांदेलींची ओळख!"

ते नव्या छोट्या गाडीच्या काचा पुसत होते. हात थांबला नाही. "साहेबाचा काय गेला, बाई? एक गाडी. नाखव्याची होडी गेली असती."

"आणि सुरेश?"

आता हात थांबला. "सांगितलंय त्याका सगळा."

"काय म्हणाला?"

"तो जेवलो नाय," आरोलकर म्हणाले. "दोन दिवस झाले. बोलणा नाय." आणि फडकं पिळायला नळाकडे गेले. त्यांची पाठ माझ्याकडे होती. वर जाऊन मी उगाचच ड्रॉवर आवरत बसले.

माणूस किती मोठा, हे आज मी छातीवर हात ठेवून सांगते. पण त्या मोठेपणाचा भार त्या पोराने उचलला, हेही सांगायला हवं. सुरेशने पुढे वर्षभर नोकरीसाठी चपला झिजवल्या. मग एके दिवशी बापासमोर येऊन म्हणाला, "शिकवा गाडी." आरोलकरांनीच हे मला ऑफिसात सांगितलं. रोज पहाटे साहेबांकडे जाण्याआधी ते त्याला शिकवायचे. टॅक्सीचा बॅज मिळाला, दुसऱ्याची टॅक्सी चालवली, आणि काही वर्षांनी बॅंकेचं कर्ज काढून स्वतःची घेतली. लहानशी, चार सिलिंडरची. ती घेताना मात्र आरोलकरांनी छत्री काढली होती म्हणे.

आणि जनाचं लग्न ठरलं. चंद्राबाय स्वतः पाटी घेऊन अंधेरीला ऑफिसात आली, मला पानसुपारी देऊन बोलावून गेली. मी गेले. त्या वर्षी होडीला बरी मासळी लागली होती, नाखवा नुसता फुललेला. वरात देवळापासून निघाली. बॅंड पुढे, नाचणारे पुढे, आणि त्यांच्या मागे झेंडूच्या माळांनी मढवलेली सुरेशची टॅक्सी, पहिल्या गिअरमध्ये. मागच्या सीटवर जना आणि तिचा नवरा.

आणि गाडीच्या बाजूने, डाव्या अंगाने, आरोलकर चालत होते. निवृत्त होऊन वर्ष झालं होतं, पण कपडे तेच पांढरे, कडक इस्त्रीचे. उजवा हात बॉनेटवर. गाडी थांबली की थांबायचे, सरकली की सरकायचे, पण हात काही उचलायचे नाहीत. झेंडूच्या पाकळ्या त्यांच्या बाहीवर पडत होत्या.

सुरेश डाव्या खिडकीकडे झुकून म्हणाला, "बाबा, किती चालाल? बसा ना आत, पुढे जागा आहे."

"तू पुढे बघ," आरोलकर म्हणाले.

बंदराचं वळण आलं. हेच ते, जिथे तो डबा वाजायचा थांबला होता. गर्दीतून वाट काढत मी त्यांच्याजवळ पोचले. मला काहीतरी मोठं बोलायचं होतं, माफीही मागायची होती, पण बॅंडच्या आवाजात ते जमेना. मी नुसतं ओरडून विचारलं, "काय आरोलकर, तापली का?"

त्यांनी माझं मनगट धरलं आणि माझा तळहात आपल्या हाताशेजारी बॉनेटवर टेकवला.

"बघा," म्हणाले. "कोमट असा."